गणपतीतलं गाव आणि आषाढातलं गाव

'ताई, नमस्कार. मी लालबागला राहते, वय ५६. जन्म इथलाच, लग्न होऊन गेले तीसुद्धा दोन गल्ल्या सोडून. मिस्टर सोळाव्या वर्षी गावाहून मुंबईला आले, आता येत्या मार्चला खाजगी कंपनीतून रिटायर होतायत. त्यांचं ठरलंय, कायमचं गावी जायचं. गाव संगमेश्वर तालुक्यात, देवरुखपासून १४ किलोमीटर. सासऱ्यांनी बांधलेलं चिऱ्याचं घर आहे. एरवी बंद असतं, गणपतीत आणि मे महिन्यात उघडतो. मुलगा, सून आणि दोन वर्षांची नात कळव्याला भाड्याने राहतात. मुलगा म्हणतो, गावात नको, बाबांच्या फंडाच्या २० लाखांत चिपळूणला फ्लॅट घ्या, दवाखाना-बाजार हाताशी राहील. इथली खोली पागडीची, १८० चौरस फूट. बिल्डर येणार म्हणून सहा वर्षं ऐकतोय. मिस्टर म्हणतात ती भाड्याने देऊ, तेवढाच आधार. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालीय. मी बारा डबे देते, महिन्याला तेरा-चौदा हजार सुटतात. तुला कुठं राहायचंय असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, हेही खरं. गाव की चिपळूण, तुम्हीच सांगा.
लालबागची एक वाचक'

ताई,

गाव की चिपळूण हे पुढे बघू. त्याआधी एक काम आजच्या आज करा. मिस्टर घरी आले की त्यांच्या हातात चहा द्या आणि सांगा, खोली भाड्याने द्यायचा विषय डोक्यातून काढून टाका.

पागडीची खोली म्हणजे आपण मालक नव्हे, भाडेकरू. चाळीत तीन पिढ्या गेल्या की माणूस हे विसरतो, मालक विसरत नाही. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६मध्ये मालकाला खोली कधी खाली करून मागता येते ते दिलंय. त्याच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, हे त्यातलं एक कारण. दुसरं कारण पुष्कळांना ठाऊकच नसतं. वाजवी कारण नसताना सलग सहा महिने खोली वापरात नसेल, तरी मालक कोर्टात जाऊ शकतो. म्हणजे भाड्याने दिलीत तर अडकलात, आणि कुलूप लावून गावी जाऊन बसलात तरी अडकलात. शिवाय भाडेकरूच्या पश्चात भाडेहक्क जातो तो त्याच्यासोबत त्या घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे. तुमचा मुलगा कळव्याला भाडं भरतोय. उद्या वेळ आली तर 'मी इथंच राहत होतो' हे तो कशाच्या जोरावर म्हणणार?

लालबाग-परळमधल्या कितीतरी जुन्या चाळी उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणाऱ्या, आहेत. तुमची तशी असेल तर पुनर्विकासात आजच्या नियमाने किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. सहा वर्षं येणारा बिल्डर आणखी सहा वर्षं येत राहील, त्याचं सोडा. पण ज्या दिवशी यादी घेऊन माणसं जिन्यावर येतील, त्या दिवशी दार आतून कुणीतरी उघडलं पाहिजे. तेव्हा आधी मुलगा-सून-नातीला लालबागला आणा, त्यांचं आधार, रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव या पत्त्यावर येऊ द्या, आणि सगळ्या भाडेपावत्या घेऊन एकदा वकिलाकडे जाऊन या. कळव्याचं भाडं वाचेल ते वेगळंच. १८० फुटांत पाच माणसं कशी मावतील असं सूनबाई म्हणेल. बरोबर म्हणेल. पण तुम्ही दोघं वर्षातले काही महिने तिथं नसालच, आणि पोटमाळा अजून शाबूत आहे असं मी धरून चालते.

आता गावाकडे वळू.

तुमच्या मिस्टरांच्या डोक्यातलं गाव मला नीट दिसतं, कारण माझ्या वडिलांच्या डोक्यातही तेच होतं. ते भाद्रपदातलं गाव असतं. भात पोटरीला आलेलं, पाऊस सरीवर, घराघरांत माणसं, मुंबईहून नेलेले लाडू-चिवड्याचे डबे, रात्री जाखडी नाचाचा ठेका, आणि प्रत्येक ओटीवर 'कधी आलास?' असं विचारणारं कुणीतरी. नाहीतर मे महिन्यातलं. फणस, काजूच्या बिया भाजल्याचा वास, अंगणात मांडव, पोरांचा धिंगाणा. चाकरमानी गाव बघतो ते वर्षातले वीस-पंचवीस दिवस आणि बाकीचे तीनशे चाळीस दिवसही तसेच असतील असं धरून चालतो. मी या माणसांना हसत नाही. अडतीस-चाळीस वर्षं गाडीला लोंबकळत काढायची तर डोक्यात काहीतरी असंच हिरवंगार लागतं.

पण तुम्ही आषाढातलं गाव पाहिलंय का? लग्नानंतर कधी जून-जुलैत सलग राहिलायत? मला वाटतं नसाल, कारण डबे कोण देणार होतं. त्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बराचसा या दोन-अडीच महिन्यांतच. बंद घर उघडलं की गाद्यांना, चामड्याच्या चपलेला, देवाच्या फोटोमागे बुरशी. तारेवर फांदी पडली की वीज गेली. ती कधी दोन तासांनी येते, कधी दोन दिवसांनी, आणि वीज गेली की थोड्या वेळात मोबाइलची रेंजही तिच्यामागून जाते. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, चिऱ्यांत फुरसं हा विषारी साप असतो, म्हणून संध्याकाळी परसात जाताना हातात बॅटरी आणि पायात बूट. कौलातून थेंब पडतो तो बरोबर चुलीवर किंवा बिछान्यावर, मधल्या मोकळ्या जागेत कधीच नाही. लावणीच्या दिवसांत वाडीत बोलायला कुणी सापडत नाही, जो-तो चिखलात. आणि ज्या घरांत लावणी उरलेली नाही, ती घरं बंद. वानर-माकडांपायी नि रानडुकरांपायी लोकांनी शेतं सोडली, पोरं नाहीत म्हणून शाळेची पटसंख्या हाताच्या बोटांवर आली. बागांमध्ये राखणीला नेपाळहून आलेली माणसं आहेत. दिवाळीनंतर तुमच्या वाडीत किती घरांत दिवा लागतो, हे मिस्टरांना एकदा मोजायला सांगा.

गंमत अशी की एवढा पाऊस पडून उन्हाळ्यात पाणी नसतं. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, पावसाचं पाणी झिरपून नाहीतर वाहून खाडीला जातं. फेब्रुवारी-मार्चला पऱ्या, म्हणजे ओढा, आटतो, एप्रिलच्या शेवटी विहिरीचा तळ दिसायला लागतो, मग कुठं कुठं टँकर येतो. हे तर तुम्ही मे महिन्यात पाहिलंच असेल. आठवून बघा ताई, त्या मे महिन्यात पाणी कुणी भरलं? मिस्टरांनी का?

माझी खरी हरकत इथं आहे. तुमचे मिस्टर घरी परत चाललेत. तुम्ही सासरी चालला आहात, तेही छप्पन्नाव्या वर्षी. त्यांचं रिटायरमेंट म्हणजे सकाळी ओटीवर पेपर, दुपारी देवळाच्या पारावर चार माणसं, संध्याकाळी गावकीच्या बैठकीत मत. तुमचं रिटायरमेंट म्हणजे पाणी, मागचं-पुढचं अंगण, कोकमाची सोलं वाळवणं, सणाला उतरणाऱ्या पंचवीस पाहुण्यांचा स्वयंपाक, आणि भावकीतल्या थोरल्या जाऊबाईंची मर्जी. गणपतीत तुम्ही मुंबईच्या पाहुण्या असता, म्हणून बायका गोड बोलतात. बारा महिने राहिलात की भाऊबंद होता. सामाईक आंब्याच्या पेट्या किती निघाल्या, बांध कुणी सरकवला, पाखाडीवरचा, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवरचा, नळ कुणाच्या हद्दीत, यात तुमचंही नाव यायला लागतं. हा गावाचा दोष नव्हे, तिथं राहण्याची ती किंमत आहे. पण ती दोघांत सारखी वाटून यायला हवी की नाही?

आमच्या घरचं सांगते. मी परळची. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, दोन वर्षं वाट बघितली, खोलीतली भांडी एकेक करून गेली, आणि १९८४च्या मे महिन्यात ते आईला घेऊन राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले. मी सतरा वर्षांची, कॉलेज चालू म्हणून मावशीकडे राहिले. आई नायगावात वाढलेली, सातवी शिकलेली, नळाच्या रांगेत भांडून पाणी मिळवणारी बाई. पहिल्या पावसाळ्यात तिचं पत्र आलं त्यात एक वाक्य होतं, ते माझ्या अजून डोक्यात आहे: 'दिवस जातो गं, संध्याकाळ जात नाही.' मी त्या गणपतीला गेले तेव्हा ती निम्म्याने वाळली होती. घराची किल्ली काकीच्या कनवटीला. आईला डाळ-तांदूळ मोजून मिळायचे.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे तुमचा सल्ला ठरला, जाऊ नका. थांबा, गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या वर्षी वाडीतली एक बाई आईकडे पोस्टकार्ड घेऊन आली. नवरा मुंबईत, तिला लिहिता येत नव्हतं. आईने पत्र लिहून दिलं. मग दुसरी आली. मनीऑर्डर आली की फॉर्मच्या खालच्या पट्टीत नवऱ्याने काय खरडलंय ते वाचून घ्यायला बायका यायच्या, कारण पोस्टमनने मोठ्याने वाचलेलं त्यांना नको असायचं. तिन्हीसांजेला आमच्या पडवीत पाच-सहा जणी बसलेल्या असत. हळूहळू आई बँकेचे फॉर्म भरू लागली, पोरांना पाढे शिकवू लागली, कुणाच्या सुनेला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन जाऊ लागली. किल्ली कधी तिच्याकडे आली ते कुणाला कळलंही नाही. आणि वडील? ज्यांना गावी जायची एवढी घाई होती, ते चार वर्षांत कंटाळले. १९८८ला मुंबईत परत येऊन अंधेरीच्या एका इमारतीत वॉचमन म्हणून लागले. आई आली नाही. मी नोकरीला लागल्यावर दहा वेळा बोलावलं. 'माझ्याकडे माणसं येतात' एवढंच म्हणायची. २००९ला ती गेली, तिथंच, स्वतःच्या पडवीत.

म्हणून गाव वाईट आणि शहर चांगलं असं मला म्हणता येत नाही, उलटही म्हणता येत नाही. मी तुम्हाला विचारते ते एवढंच: तिथं तुमच्या दाराशी लोक कशासाठी येतील? लालबागला याचं उत्तर आहे. बारा माणसं रोज दुपारी तुमच्या हातचं खातात. भिशी असेल, हळदीकुंकू असेल, वरच्या मजल्यावरच्या म्हातारीचं बीपीचं औषध आणून देत असाल. हे सगळं सोडून जायचं तर तिकडे त्याच्या जागी काय, याचा विचार मिस्टरांनी केलेला नाही. त्यांना तो सुचलाही नसेल, कारण त्यांच्या लेखी तुमचं काम म्हणजे त्यांच्यासोबत असणं.

तेरा-चौदा हजार ही रक्कम पत्रात तुम्ही अगदी शेवटी, सांगायचं म्हणून सांगितलीत. खाजगी नोकरीतल्या माणसाला फंडाची पेन्शन दोन-चार हजारांच्या घरात बसते. म्हणजे मार्चनंतर तुमच्या घरात महिन्याला नियमित येणारा सगळ्यात मोठा पैसा तुमचा असेल. हे मिस्टरांपुढे एकदा आकड्यात मांडा. भांडणासाठी नको, हिशेबासाठी.

आता चिपळूण. मुलाचं म्हणणं मनापासूनचं आहे, पण अर्धंच खरं आहे. चिपळूण मोठी बाजारपेठ, रेल्वे स्टेशन, एसटीचा मोठा डेपो, कराडकडे जाणारा कुंभार्ली घाट, डॉक्टरांची रांग, भाजी मंडई, नाटक बघायची सोय. सावर्ड्याजवळ डेरवणचं रुग्णालय आहे. सगळं कबूल. पण २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा बाजारपेठेतली माणसं वरच्या मजल्यांवर अडकून पडली होती, आणि खालच्या दुकानांतला माल चिखल होऊन बाहेर आला. २००५च्या जुलैतही शहर बुडालं होतं. फ्लॅट बघायला डिसेंबरात गेलात तर दलाल तुम्हाला टाइल्स दाखवेल, पाण्याची खूण दाखवणार नाही. ती खालच्या पानवाल्याला विचारावी लागते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चिपळूणात तुमचं कोण आहे? मिस्टरांचं गाव तिथून लांब, तुमचं लालबाग त्याहून लांब. दोघंही परकी. सोसायटीचा चौथा मजला, शेजारी बँकेचा बदलीवाला. मुंबईतला एकटेपणा तिकडे नेऊन, वरून फंडाचे २० लाख त्यात ओतायचे. आयुष्यभराची पुंजी एका फ्लॅटमध्ये गेली की पुढच्या आजारपणाला मुलापुढे हात पसरावा लागतो, आणि फ्लॅट अडीनडीला आठवड्यात विकला जात नाही. तेच २० लाख पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर व्याजाचा दर २०२३च्या एप्रिलपासून ८.२ टक्के आहे, तीन महिन्यांनी ४१,००० रुपये हातात. तुमचे डबे आणि हे व्याज, यात दोन माणसं लालबागलाही राहतील आणि देवरुखलाही.

हो, देवरुख. तुमच्या पत्रात ते नाव फक्त अंतर सांगण्यापुरतं आलंय. मला तर तीच जागा बघण्यासारखी वाटते. तालुक्याचं नाव संगमेश्वर असलं तरी तहसील कचेरी देवरुखला. कचेरी, कॉलेज, शाळा, ग्रामीण रुग्णालय, आठवड्याचा बाजार, गावच्या एसट्या तिथूनच सुटणार. बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतली पोरं, बाहेरगावची कॉलेजची मुलं, म्हणजेच डबा लागणारी माणसं. मिस्टरांना सकाळच्या गाडीने गावात जाऊन संध्याकाळी परतता येईल, पेरणी करोत की पारावर बसोत. तिथं दोन खोल्या भाड्याने घ्या, विकत नको. भाड्याच्या खोलीचा फायदा असा की चूक झाली तर ती महिन्याच्या नोटिशीवर सुधारता येते.

मिस्टरांच्या हृदयाबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. मुंबईत त्यांच्या छातीत दुखलं तर केईएम तुमच्यापासून चालत जाण्याएवढं. गावात रात्री दोन वाजता दुखलं तर? अॅम्ब्युलन्ससाठी १०८ फिरवायला रेंज हवी, गाडी वाडीपर्यंत यायला रस्ता हवा, आणि पुढे जिथं न्यायचं तिथं कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात ती जागा, रात्री चालू हवी. पाखाडीच्या पायऱ्यांवरून डोलीत उतरवणारे चार खांदे तरी वाडीत उरलेत का? मुंबईतल्या त्यांच्या डॉक्टरांना सरळ विचारा: इतक्या अंतरावर यांना ठेवावं का, आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत घरात कोणत्या गोळ्या असाव्यात? महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड काढलेलं नसेल तर काढा, आणि तिकडची कोणती रुग्णालयं त्यात बसतात ती यादी डब्याच्या कपाटाला आतून चिकटवा.

मग राहिली कागदपत्रं. सासऱ्यांनी घर बांधलं म्हणता. सातबारा कुणाच्या नावावर आहे? माझा अंदाज, अजून सासऱ्यांच्या किंवा त्यांच्याही वडिलांच्या, खाली दहा-बारा वारस आणि सगळं सामाईक. बंद घराची कुणी चौकशी करत नाही. त्यात कायमचं कुणी राहायला आलं, न्हाणीघर बांधायला काढलं, की पुण्यातल्या चुलत दिराला आपला हिस्सा आठवतो. वारसनोंद झाली आहे का ते तलाठ्याकडे बघून घ्या, भावंडांची संमती असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५खाली वाटप करून घ्या, आणि नणंदांना विसरू नका, त्यांचाही सारखा हक्क आहे. घराची ग्रामपंचायतीतली नोंद, नमुना ८, ती स्वतंत्र बघा. तिथं नवरा-बायको दोघांचं नाव लावता येतं. ते लावून घेतल्याशिवाय त्या घरात एक रुपया घालायचा नाही, तुमच्या डब्यांतला तर मुळीच नाही. आमच्या आईच्या किल्लीची गोष्ट मी उगाच सांगितली नाही.

एक कडू गोष्ट राहिली आहे. तुम्हाला लालबाग सोडवत नाही असं पत्रातून वाटतं. पण ज्या लालबागला तुम्ही धरून बसलायत तेही फार दिवसांचं नाही. गिरणगाव या शब्दात गाव आहे, आणि ते होतंही. एकेका गावाच्या गावकीच्या खोल्या, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं, खाणावळीच्या मावश्या, गॅलरीत वाळत घातलेले पापड आणि बाराही महिने उघडी दारं. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांत शंभर वर्षं काढलेल्या कुटुंबांपैकी पहिल्या ५५६ जणांना ऑगस्ट २०२५मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आनंदाचीच गोष्ट. स्वतःचा संडास मिळाला म्हणून रडलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि त्याच बायका 'दार बंद असतं गं सगळ्यांचं' म्हणतानाही ऐकल्यात. तुमचीही चाळ उभी टॉवर होईल. तेव्हा बारा डबे लिफ्टने खाली न्यावे लागतील आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी नवव्या मजल्यावर गेलेली असेल. मिस्टर जुन्या गावाकडे परत चाललेत जे आता उरलेलं नाही, आणि तुम्ही जुन्या लालबागला थांबू पाहताय जे उरणार नाही. दोघांचं दुखणं एकच आहे. हे त्यांना सांगून बघा. कदाचित त्यामुळे तरी ते ठरलंय म्हणायचं थांबवतील आणि बोलायला बसतील.

तर माझ्या मते असं करा. मार्चमध्ये रिटायर झाल्यावर लगेच काहीही हलवू नका, फंडाचे पैसे आले की आधी बचत योजनेत टाका. एप्रिल-मे मिस्टरांना एकट्यांना गावी जाऊ द्या. घराची डागडुजी, तलाठी, ग्रामपंचायत, विहिरीचं पाणी, सगळं त्यांचं त्यांना करू दे. जेवणाची सोयही. चाळीस वर्षं डबा खाल्लेल्या माणसाने दोन महिने स्वतः भात शिजवला तर काही बिघडत नाही, फक्त गोळ्या वेळेवर घेतल्या की नाही हे रोज फोनवर विचारा. तोवर मुलगा-सून लालबागला स्थिर होतील. जूनच्या मध्यावर तुम्ही जा. दादरहून मध्यरात्री सुटणाऱ्या तुतारी एक्सप्रेसने संगमेश्वर गाठता येतं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा एप्रिलमध्येच तारीख बघा. एसटीने गेलात तर बायकांना अर्धं तिकीट आहे.

सहा आठवडे राहा, पाहुणी म्हणून नको. त्यातले शेवटचे दोन आठवडे देवरुखला कुणाकडे तरी खोली घेऊन काढा, बाजारात हिंडा, कॉलेजच्या आसपास डब्याचं काय चालतं ते विचारा. घर डोंगराच्या कुशीत असेल तर जुलैत वरच्या उतारावर भेगा पडतायत का, झाडं कलली आहेत का, हे जुन्या माणसांना दाखवून घ्या. महाडजवळच्या तळियेत २०२१च्या त्याच जुलैत डोंगर खाली आला होता. मिस्टर 'इतकी वर्षं काही झालं नाही' म्हणतील, म्हणू देत.

डबे मात्र बंद करू नका. सहा आठवडे सुनेला किंवा समोरच्या कुणाला चालवायला द्या, अर्धे पैसे तिचे. गिऱ्हाइकांना सांगून जा की मी परत येणार आहे. नात लहान आहे, सून एकटीने बारा डबे करू शकणार नाही, तर सहा करेल. सहा टिकले तरी पुष्कळ.

आणि गणपतीआधी लालबागला परत या. तुमच्या गल्लीत त्या दहा दिवसांत पाय ठेवायला जागा नसते हे मला ठाऊक आहे. आल्यावर मला पत्र लिहा. पाऊस किती झाला, जाऊबाई काय म्हणाल्या, ते नाही लिहिलंत तरी चालेल. तिथं संध्याकाळी सहा ते नऊ तुम्ही काय करत होतात आणि त्या वेळात तुमच्या पडवीत कोण येऊन बसलं, तेवढं लिहा. पुढचं आपण त्यावरून ठरवू.